पिजदुऱ्याचे शेण आणि किसलपुरीची दाढ

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या पलीकडे पिजदुरा नावाचे जे लहानसे गाव आहे, त्याच्या शिवारात नांगर फिरला की मातीतून करड्या-पांढुरक्या रंगाचे, हाती घेतले असता दगडासारखे जड लागणारे गोळे वर येतात. आणि हे गोळे म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी या भूमीवर चरणाऱ्या महाकाय सरटांचे अश्मीभूत शेण होय, ही हकीकत चार्ल्स मॅटले या भूवैज्ञानिकाने १९३९ साली त्यांचे रीतसर वर्णन छापल्यापासून विद्वानांच्या दफ्तरी दाखल आहे. त्याच टापूतील डोंगरगावच्या टेकडीतून १९८४ ते १९८६ या काळात एका लांब मानेच्या डायनोसोरचा सांगाडा उकरून काढण्यात आला, आणि त्याचे आजचे ‘इसिसॉरस’ हे नाव कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले आहे. आकडेमोडीच्या संस्थेच्या नावाने एखादे जनावर ओळखले जावे हे प्रथम ऐकणाऱ्यास विपरीत वाटते खरे, परंतु आपल्याकडील जीवाश्मसंशोधनाचे पुष्कळसे कष्ट त्याच संस्थेच्या भूविज्ञान शाखेने उपसलेले आहेत. तात्पर्य, सरटांची आमच्या जिल्ह्यात वाण नाही. आमच्या मूल गावी जो वाद कित्येक संध्याकाळी चालत आला आहे, तो मात्र या धिप्पाड मंडळींवरून नसून, त्यांच्या पायांखालून वावरणाऱ्या आणि त्यांच्यानंतर पृथ्वीचा ताबा घेणाऱ्या इवल्या, खुरांच्या, आणि आता नामशेष झालेल्या प्राण्यांवरून आहे.

वाद घालणारे दोघे. एक रेंजरसाहेब, ज्यांची सारी नोकरी ताडोबा, अलापल्ली आणि भामरागड येथील जंगलांत पंचनामे लिहिण्यात, वणवे विझविण्यात आणि आरोपींच्या जबान्या घेण्यात गेली, आणि म्हणून ज्यांचा पुराव्याविषयीचा आग्रह निवृत्तीनंतरही तसूभर ढळलेला नाही. दुसरे गुरुजी, ज्यांनी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविता शिकविता आपल्या तुटपुंज्या पगारातून पुस्तके जमवली, आणि ज्यांना मुलांनी विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत झोप लागू देत नाही. बैठक गुरुजींच्या छपरीत; समोर धानाच्या बांध्या; तिसरा मी, ज्याचे काम ऐकण्याचे आणि प्रसंगी दोघांनाही चहा विचारण्याचे.

“गुरुजी,” रेंजरसाहेबांनी त्या दिवशी आरंभ केला, “जंगल हा मालक आणि जनावर हे कूळ, एवढेच मी साऱ्या नोकरीत शिकलो. ताडोबातली गावे उठली, त्यांच्या मोकळ्या पडलेल्या शेतांवर गवत वाढू दिले, तर थोड्याच पावसाळ्यांत तिथे चितळांचे कळप चरायला आले. आणि जिथे गवतावर झुडुपांनी अतिक्रमण केले, तिथून तेच चितळ न सांगता निघून गेले. जे चार-दोन वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत घडते, तेच कोट्यवधी वर्षांत मोठ्या मापाने घडले असेल, यात मला काही गूढ दिसत नाही. रान विरळ झाले म्हणून पाय लांबले, जमीन कठीण झाली म्हणून बोटांचे खूर झाले, गवत खरखरीत म्हणून दाढ उंच झाली. जमिनीचा फेरफार आधी, जनावराची नोंद मागाहून.”

“तुमचे हे सूत्र इतके सुटसुटीत आहे साहेब,” गुरुजी म्हणाले, “की ते वर्गात शिकवायला मला फार आवडले असते. पण त्याला आपल्याच जिल्ह्यातले पिजदुऱ्याचे शेण आडवे येते.”

“ते काहून जी?”

गुरुजी उठले, पायऱ्या उतरून बांधीत गेले आणि धानाचे एक हिरवे पान तोडून घेऊन आले. ते पान साहेबांच्या हाती देऊन, त्याच्या टोकाकडून देठाकडे कडेवरून बोट फिरवून पाहण्यास त्यांनी सांगितले. साहेबांनी बोट फिरवले, आणि लगेच मागे घेतले. बोटाच्या पेरावर रेघ उमटली होती.

“ही सिलिका,” गुरुजी म्हणाले. “धानाचे रोप जमिनीतल्या पाण्यासोबत ती शोषून घेते आणि पेशीपेशीत साठवून ठेवते. आपल्या राइस मिलच्या मागे जे तूस जळते, त्याची राख बहुतांशी हीच असते. पान कुजले, जनावराने खाल्ले, पचवले, तरी हे कण नष्ट होत नाहीत. आणि प्रत्येक वनस्पतीगणात त्यांची घडण निराळी असल्यामुळे, जाणकाराला सूक्ष्मदर्शकाखाली त्या कणांवरून वनस्पतीचे घराणे सांगता येते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद यांनी, अशोक साहनी, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग आणि अलीमोहम्मदियन या सहकाऱ्यांसह पिजदुऱ्याच्या शेणाचे गोळे भरडले, रसायनांनी धुतले, आणि जे उरले त्यात ताडवर्गाच्या, सूचिपर्णी आणि रुंदपानी झाडांच्या कणांबरोबर निदान पाच जातींच्या गवतांचे कण त्यांना मिळाले. २००५ साली हे ‘सायन्स’ नियतकालिकात छापून येईपर्यंत, डायनोसोर आणि गवत यांची गाठ कधी पडलीच नाही, असे पाठ्यपुस्तके बिनदिक्कत सांगत होती. पुढे २०११ साली त्याच शेणातून, ज्या गणात आपले धान मोडते त्या गणाचे अवशेष निघाले. म्हणजे साहेब, आपल्या जिल्ह्यात धानाचे भाऊबंद ६.६ कोटी वर्षांपूर्वी उगवत होते, आणि त्यांवर कोणी तरी चरतही होते. गवतच जर खुरांच्या चरणाऱ्या प्राण्यांना घडवीत असेल, तर त्यांनी या भूमीवर उगवायला पुढची पाच कोटी वर्षे का लावली?”

रेंजरसाहेब काही वेळ बोटावरची रेघ पाहत राहिले. त्यांचे मौन हे शरणागतीचे नसते, उलटतपासणीच्या पूर्वतयारीचे असते, हे आम्हां दोघांनाही अनुभवाने ठाऊक होते.

“त्या शेणात गवताचा हिस्सा किती होता?”

“थोडा. इतर वनस्पतींचा अधिक.”

“मग तुमचा साक्षीदार माझ्याच बाजूने बोलतो आहे. जमिनीवर पाय ठेवणे निराळे आणि जमिनीची वहिवाट करणे निराळे. तुमच्या पिजदुऱ्याचे गवत झाडांच्या आश्रयाने, तळ्यांच्या काठाने जगणारे. मुलूख त्याचा नव्हता. मुलूख गवताचा झाला तो पुष्कळ नंतर. हिमालयाच्या पायथ्याशी, शिवालिकच्या थरांत आणि पोटवारच्या पठारावर, जुन्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांतील कार्बन मोजून १९८९ साली काही अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी तिथले रान हटले आणि उष्ण प्रदेशातल्या गवतांनी ती सारी जमीन व्यापली. हे तुम्हीच मला वाचून दाखवले होते. मी पर्यावरण म्हणतो तेव्हा नुसते गवत म्हणत नाही. पावसाचे वेळापत्रक, वणव्यांची वारंवारता, झाडोऱ्याची घनता, हे सारे मिळून एक सरकार असते. गवत हा त्या सरकारचा एक कारकून.”

हे मात्र साहेबांनी बिनतोड सांगितले, आणि गुरुजींनीही मान हलवून ते कबूल केले. वस्तुतः ‘गवत आले’ आणि ‘गवताळ प्रदेश आला’ या दोन घटनांमध्ये कोट्यवधी वर्षांचे अंतर असू शकते, ही गोष्ट लोकप्रिय लेखनात इतक्या सहजपणे गाळली जाते, की वाचकास घोडा आणि कुरण एकाच दिवशी जन्मल्याचा भास व्हावा. परंतु कबुली देऊन स्वस्थ बसणे हा गुरुजींचा स्वभाव नव्हे.

“वहिवाट नव्हती, मान्य,” ते म्हणाले. “पण त्या काळी या भूमीवर उंच दाढांचा, म्हणजे खरखरीत चारा दळण्याजोग्या दातांचा एक लहानसा सस्तन प्राणीही होता. कर्नाटकातील गोकाक, तेलंगणातील नास्कल आणि मध्य प्रदेशातील किसलपुरी येथील थरांत त्याचे दात मिळाले आणि ‘भारतथेरियम’ हे नाव त्याला २००७ साली मिळाले. त्याला खूर नव्हते. आज जिवंत असलेल्या कोणत्याही सस्तन कुळाशी त्याचे सरळ नाते लागत नाही. गवत खाण्याची सामग्री त्याच्या तोंडात तयार होती, गवत त्याच्यासमोर उगवलेले होते, आणि तरीही त्याचा वंश बुडाला. ज्याच्यापाशी हत्यार होते तो गेला, आणि ज्यांच्यापाशी नव्हते त्यांच्या वंशजांनी कोट्यवधी वर्षांनी तेच हत्यार पुन्हा नव्याने घडवले. तुमचा मालक इतका न्यायी असता, तर त्याने हे कूळ का बेदखल केले?”

“त्या वेळी मालकाच्या घरालाच आग लागली होती,” साहेब शांतपणे उत्तरले.

आग लागली होती, हे अक्षरशः खरे. दख्खनचा काळा पाषाण, ज्याची पूर्वेकडील सरहद्द आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम तहसिलींतून जाते, तो त्याच सुमारास भूगर्भातून वितळून वर येत होता. लाव्ह्याचा एक थर पसरावा, निवावा, त्याच्या खोलगटांत पाणी साचून तळी व्हावीत, तळ्यांकाठी झाडे, बेडूक, मासे, सुसरी आणि उंदराएवढे सस्तन प्राणी नांदू लागावेत, आणि मग हजारो वर्षांनी पुढचा थर येऊन त्या साऱ्या संसारावर पडावा, असा तो क्रम होता. या दोन थरांमधील गाळालाच भूवैज्ञानिक आंतरपाषाणी थर म्हणतात. दिंडोरी जिल्ह्यातील किसलपुरी या गावाजवळच्या अशाच गाळाची पोती पाण्यात भिजवून, बारीक चाळण्यांतून धुऊन, उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडून पाहताना, जी. व्ही. आर. प्रसाद, ओंकार वर्मा, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या जबड्यातील एक दाढ सापडली, आकाराने तांदळाच्या कणीएवढी. आणि २००७ साली त्यांनी ती खुरांच्या प्राण्यांच्या अतिप्राचीन पूर्वजाची आहे असे जाहीर करून, जवळच्या खारमेर नदीवरून आणि शिकागो विद्यापीठातील ली व्हॅन व्हॅलेन या जीवशास्त्रज्ञावरून तिच्या धन्याला ‘खारमेरंग्युलेटम व्हॅनव्हॅलेनी’ असे लांबलचक नाव दिले.

ही दाढ गुरुजींची आवडती, आणि म्हणूनच साहेबांच्या संशयाचे विशेष लक्ष्य.

“एका दाढेवर अख्खा प्राणी उभा करता?” साहेब म्हणाले. “अहो, माझ्या मिसलीत नुसती एक दाढ जोडलेली असती तर दंडाधिकाऱ्यांनी पहिल्याच तारखेला आरोपी मोकळा सोडून मला ताकीद दिली असती. कातडे नाही, हाड नाही, आणि मुख्य म्हणजे ज्या खुराच्या नावाने हा सारा खटाटोप, तो खूरच नाही!”

“बैलबाजारात तुमचा शेतकरी काय पाहतो साहेब?” गुरुजींनी विचारले. “बैलाची कुंडली मागतो का? ओठ फाकवतो, दोनदाती, चारदाती की सहादाती एवढे पाहतो, आणि त्या एका नजरेवर हजारोंचा सौदा करतो. दात ही सस्तन प्राण्याच्या देहातील सर्वांत कठीण वस्तू. हाडे विरघळतात, दात टिकतात. आणि दाढेच्या माथ्यावर त्या प्राण्याचा आहार लिहिलेला असतो. किडे खाणाऱ्याच्या दाढेचे उंचवटे अणकुचीदार, कवच फोडण्यासाठी. फळे, बिया, कोवळा पाला खाणाऱ्याचे बसके, फुगीर, चिरडण्यासाठी. किसलपुरीच्या दाढेचे उंचवटे या दुसऱ्या जातीचे आहेत, आणि उत्तर अमेरिकेतील ज्या प्राचीन प्राण्यांपासून खुरांचे वंश निघाले असे मानतात, त्यांच्या दाढांशी तिचा तोंडवळा जुळतो. खूर मी पाहिला नाही, हे खरे. पुढच्या काही अभ्यासकांनी तिच्या स्थानाविषयी शंकाही काढल्या आहेत. म्हणून मी ती सिद्ध म्हणत नाही, दाखल म्हणतो.”

“दाखल असेल तर माझी हरकत नाही,” साहेब म्हणाले, आणि ‘दाखल’ या शब्दावर त्यांनी असा काही जोर दिला की प्रकरण अद्याप निकालात निघालेले नाही, याची आम्हां सर्वांना जाणीव राहावी.

ज्याच्या नावाने ती दाढ ओळखली जाते, त्या व्हॅन व्हॅलेनचे मत या वादाच्या अगदी मर्मस्थानी आहे. १९७३ साली त्याने असे प्रतिपादन केले की, एखादा प्राणिवंश कितीही काळ टिकून राहिला तरी त्याचा नाश होण्याची शक्यता कमी होत नाही. कारण ज्या इतर प्राण्यांशी त्याचा संबंध येतो, भक्षक, भक्ष्य, प्रतिस्पर्धी, परोपजीवी, तेही सतत सुधारत असतात, आणि म्हणून प्रत्येकाला आहे तिथेच राहण्यासाठी अखंड धावावे लागते. लुईस कॅरलच्या ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ या पुस्तकातील लाल राणीच्या राज्यात अशीच धावाधाव चालते, म्हणून या सिद्धांताला लाल राणीचे नाव पडले. याला उत्तर म्हणून अँथनी बार्नोस्की या अमेरिकी संशोधकाने दरबारी विदूषकाची कल्पना पुढे केली: प्राणी आपापसांत कितीही झुंजोत, उत्क्रांतीतील मोठे उलटफेर हे हवामान, ज्वालामुखी, खंडांची हालचाल असल्या बाहेरच्या, कोणाचेही न ऐकणाऱ्या शक्तींच्या लहरीने होतात. गुरुजी राणीच्या पक्षाचे, साहेब विदूषकाच्या. दोघांनीही आपापला पक्ष स्वभावाने निवडला आहे असे मला वाटते. आयुष्यभर वर्गातील मुलांची परस्परचढाओढ पाहणारा आणि आयुष्यभर पावसाची वाट पाहणारा, हे एकाच पक्षाचे होणे कठीणच.

साहेबांचा हुकमाचा पत्ता म्हणजे अमेरिकेतील वायोमिंगमधला एक चिमुकला घोडा. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीचे सरासरी तापमान भूवैज्ञानिक मापाने पाहता अत्यल्प अवधीत ५ अंशांहून अधिक चढले. त्या काळी बिगहॉर्न खोऱ्यात ‘सिफ्रहिप्पस’ नावाचा घोड्याचा अगदी आरंभीचा पूर्वज राहत असे, ज्याचे वजन मुळातच साडेपाच किलोंच्या आसपास. दातांची मोजमापे घेऊन आणि त्याच थरांतील प्राणवायूच्या समस्थानिकांवरून तापमान ठरवून संशोधकांनी २०१२ साली दाखवले की, उष्णता वाढत गेली तसा हा घोडा सुमारे १,३०,००० वर्षांत ५.६ किलोंवरून ३.९ किलोंपर्यंत खाली आला, आणि हवा निवताच पुन्हा ७ किलोंच्या घरात गेला. “थर्मामीटर वर, घोडा खाली, थर्मामीटर खाली, घोडा वर,” साहेब म्हणाले. “यात तुमची राणी कुठे बसवता?”

“घोड्याच्या आकारात नाही बसवत,” गुरुजी म्हणाले, “पण घोड्याच्या आगमनात बसवतो. त्याच उष्णकाळात उत्तर अमेरिका, युरोप आणि आशियात विषमखुरी आणि समखुरी प्राण्यांचे आद्य वंश अकस्मात प्रकट होतात. उष्णतेने उत्तरेकडील वाटा मोकळ्या केल्या, हे कबूल. पण वाट मोकळी झाली म्हणून प्रवासी जन्मत नाही. तो कुठे तरी आधीच तयार झालेला असला पाहिजे. डेव्हिड क्रॉस आणि मेरी मास यांनी १९९० साली असा तर्क मांडला की, आशियाच्या दिशेने एकटाच वाहत चाललेल्या भारतखंडावर हे वंश घडले असावेत. आणि सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट खाणीत, कोळशाच्या थरांमधून, ‘कँबेथेरियम’ हा मेंढीएवढा प्राणी मिळाला. सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची दाढ घोड्या-गेंड्यांच्या वाटेवरची, पाय मात्र अजून जुन्या धाटणीचे. दोनशेहून अधिक अवशेषांचा अभ्यास करून २०१४ साली केनेथ रोझ यांनी आणि भारतीय, बेल्जियन सहकाऱ्यांनी त्याला विषमखुरींचा सख्खा भाऊबंद ठरवले. पूर्वज म्हणता येणार नाही, कारण तोवर घोडे जन्मले होते. पण पूर्वज कसा असेल हे सांगणारा, जुने घर न सोडलेला भाऊ.”

“म्हणजे आपल्या खंडाचे वाहत जाणे, हे पुन्हा माझ्याच खात्यात जमा झाले,” साहेब हसून म्हणाले. यावर गुरुजींपाशी तत्काळ उत्तर नव्हते, आणि तसे त्यांनी दाखवलेही नाही. त्यांनी चहा मागितला.

चहानंतर त्यांनी जो विषय काढला, त्यात मला स्वतःला या सबंध वादाचे सार दिसते. ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकाने जम्मू-काश्मीरमधील राजौरी जिल्ह्यात, कालाकोटजवळ, सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतून काढलेल्या अवशेषांवरून १९७१ साली ‘इंडोह्यूस’ या मांजराहून जरा मोठ्या, सडपातळ पायांच्या, समखुरी वर्गातल्या प्राण्याला नाव दिले. त्यांनी जमवलेल्या दगडांपैकी पुष्कळसे न फोडताच त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नीने ते जपून ठेवले आणि पुढे हान्स थेविसेन या संशोधकाच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत त्यातील एक कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून कानाचे हाड चुकून तुटले, आणि तुटलेल्या कडेवर असे दिसले की त्या हाडाची आतली भिंत कमालीची जाड आहे. असा कान त्यापूर्वी फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होता. पायांची हाडेही बाहेरून सडपातळ, पण आतून भरीव. पाण्यात तळाशी पाय टेकून चालणाऱ्या प्राण्यांना असे वजन उपयोगी पडते. दातांतील प्राणवायूची मोजणी तो पुष्कळ वेळ पाण्यात घालवीत असे, असे सांगत होती. २००७ च्या डिसेंबरात हे प्रसिद्ध झाले, आणि खुरांच्या या चिमुकल्या जनावराचे कूळ देवमाशांच्या सर्वांत निकटचे ठरले.

“आता सांगा,” गुरुजी म्हणाले, “याला पाण्यात कोणी ढकलले? दुष्काळाने? पुराने? की त्याच्या मागे लागलेल्या दातांनी? आफ्रिकेतला पाणपिसोरी हा चिमुकला खुरांचा प्राणी आजही जमिनीवरच चरतो. फळे, पाला खातो. पण शिकारी दिसला की ओढ्यात उडी घेतो आणि बुडी मारून राहतो. इंडोह्यूसचेही असेच चालत असावे, हे थेविसेन यांचेच अनुमान. भीतीने पाण्याचा आसरा घेतला, आसऱ्याची सवय झाली, आणि सवयीला सोयीचे हाड ज्यांच्यापाशी होते ते तगले. ओढा तर तिथे आधीपासूनच वाहत होता.”

साहेबांच्या चेहऱ्यावर आता निराळाच भाव होता. “पिसोरी मी पाहिली आहे,” ते म्हणाले, “अलापल्लीच्या पलीकडच्या दाट रानात. सशाहून थोडी मोठी, शिंगे नाहीत, नराच्या ओठाखालून सुळे डोकावतात, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. टॉर्चच्या उजेडात अशी थिजून उभी राहिली की वाळक्या पानांत कुठे संपते आणि कुठे सुरू होते हे कळेना. तुम्ही म्हणता तसल्या लाखो वर्षांच्या उलथापालथीत हिने आपला नमुना बदललाच नाही, असे दिसते.”

“बदललाच नाही असे नव्हे, पण फार थोडा. आणि हिचे नातलग पाहा. शिवालिकच्या थरांत पिसोरीच्या कुळातले अनेक प्राणी होते. रान हटले तसे ते विरळ होत गेले. तुमच्या ताडोबातला चौसिंगाही तसाच. तो आणि रोही हे दोघेच त्यांच्या गणात शिल्लक उरले आहेत. शिवालिकमध्ये त्या गणाची केवढी तरी भरभराट होती.”

“चौसिंगा,” साहेब म्हणाले, “एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. तो ढीग दिसला की जनावर न पाहताही त्याची हजेरी लिहिता येते.” मग थोडे थांबून, जणू फाइलवर शेरा मारावा तसे ते म्हणाले, “ठीक आहे गुरुजी. अर्ज जनावराच्या देहाने करायचा, मंजुरी पर्यावरणाने द्यायची, असे आपण लिहू. ज्याचा अर्जच नाही त्याला मंजुरी कशी मिळणार? पण मंजुरीशिवाय नुसत्या अर्जाला काय किंमत, हेही तुम्ही लिहून घ्या.”

“लिहितो,” गुरुजी म्हणाले. “आणि नामंजुरीची कारणे कळवण्याची त्या कचेरीत पद्धत नाही, हेही लिहितो. भारतथेरियमला अजून उत्तर आलेले नाही.”

माझा स्वतःचा कौल विचाराल तर तो साहेबांच्या या तडजोडीच्या बाजूने आहे, मात्र एका दुरुस्तीसह. वायोमिंगचा घोडा उष्णतेने आटला, पण आटूनही घोडाच राहिला. त्याचे प्रमाण बदलले, जात बदलली नाही. लाख-सव्वा लाख वर्षांत पर्यावरण एवढेच करू शकते. जिथे घडणच मुळापासून बदलली, जसे खुरांचा एक वंश पाण्यात गेला आणि कालांतराने देवमासा झाला, तिथे जुन्या देहातील एखादी भलत्याच कामासाठी जमलेली गोष्ट आधीपासून हजर असावी लागते आणि ती नव्या गरजेला उपयोगी पडते. अशी गोष्ट कोणापाशी असेल हे ना विदूषक ठरवतो, ना राणी. पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांती शिकवताना हवामान आणि स्पर्धा यांची पाने भरलेली असतात आणि हा पूर्वसंचिताचा भाग दोन ओळींत उरकला जातो, ही मला तरी मोठी उणीव वाटते.

या सर्व चर्चेत ज्यावर दोघांचे कधीच दुमत झाले नाही असा एकच मुद्दा होता, आणि तो वाचकांपुढे ठेवण्याची जबाबदारी साहेबांनी माझ्यावर टाकलेली आहे. तो असा: पिजदुरा, डोंगरगाव किंवा सिरोंचाजवळील कोट्याच्या परिसरात फिरताना एखादे हाड, दात, शंख किंवा शेणाचा गोळा दिसला, तर तो हौसेने खिशात घालून घरच्या कपाटात नेऊन ठेवू नका. ज्या थरातून वस्तू निघाली तो थर कळला नाही, तर तिचे वय कळत नाही, तिच्यासोबत काय होते ते कळत नाही, आणि मग ती कितीही सुंदर असली तरी पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते. वस्तू जागेवरच राहू द्या, शेजारी पेन किंवा नाणे ठेवून छायाचित्र काढा, शेताचा गट क्रमांक आणि शेतमालकाचे नाव टिपून घ्या, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नागपूर येथील कार्यालयास कळवा.